केबल दूरचित्रवाणी : जोडणी, मोजणी आणि महसूल

(ठाणे जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दूरचित्रवाणीवर काय दाखवावे, मुलांनी ती किती वेळ पाहावी, मालिकांचा समाजमनावर कोणता परिणाम होतो, या विषयांवर आपल्याकडे सतत चर्चा होत असते. ती आवश्यकही आहे. परंतु ज्या तारेतून ही चित्रे आपल्या घरात येतात त्या तारेमागे केवढा व्यवसाय उभा आहे, त्याची घडण कशी आहे आणि दरमहा आपण देतो ते दोन-अडीचशे रुपये कोणाकोणाच्या हाती पडतात, याचा विचार सहसा होत नाही. आज मी याच एका प्रश्नापुरते बोलणार आहे.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांच्याइतका सोयीचा प्रदेश दुसरा सापडणे कठीण. एकाच रेल्वेमार्गावर येथे महानगर आहे, नगरपालिकांची शहरे आहेत आणि पुढे मुरबाड-शहापूरकडची गावे व पाडेही आहेत. केबल व्यवसायाचे सारे प्रकार आणि सारे पेच या टापूत पाहावयास मिळतात. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या व्यवसायाचा इतिहास हा मुख्यतः मोजणीचा इतिहास आहे. जोडण्या कोण मोजतो, यावर पैसा कोणाचा हे ठरत आले आहे.

तार आली कशी?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी गच्चीवरचा अँटेना नीट फिरविला की चित्र दिसे, आणि ग्राहक व प्रक्षेपण केंद्र यांच्यामध्ये तिसरा कोणी नसे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास मुंबई व उपनगरांतील इमारतींत व्हिडिओची तार आली. एका खोलीत व्हिडिओ यंत्र ठेवावयाचे, त्यापासून इमारतीतील बिऱ्हाडांपर्यंत तार न्यावयाची आणि रात्री एखादा चित्रपट दाखवावयाचा, असा तो घरगुती उद्योग होता. १९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये परदेशी उपग्रह वाहिनीने थेट दाखविली. त्याच वर्षी स्टार समूहाच्या वाहिन्या सुरू झाल्या. मुंबई केंद्राला बरोबर वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी टीव्ही ही हिंदी उपग्रह वाहिनी अवतरली. उपग्रहाचा संदेश पकडणारी मोठी तबकडी एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. व्हिडिओच्या तारा मात्र इमारतींतून आधीच फिरलेल्या होत्या. एक तबकडी आणि शेकडो बिऱ्हाडे अशी सांगड सहज जमली आणि आजचा केबल व्यवसाय जन्मास आला.

डोंबिवलीसारख्या शहरात हा व्यवसाय का फोफावला, याचे उत्तर तारेच्या लांबीत आहे. तीन-चार मजली इमारती एकमेकींस जवळजवळ खेटून उभ्या आहेत. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तार टाकली की वीस-पंचवीस नवी घरे जोडली जातात. याउलट मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील विखुरलेल्या पाड्यांवर तेवढ्याच तारेत दोन-तीन घरे मिळावयाची. तेथे तारेचा आणि दुरुस्तीचा खर्च वर्गणीतून भरून निघत नाही. म्हणून अशा भागात पुढे घरोघरची छोटी तबकडी, म्हणजे डीटीएच, आणि दूरदर्शनची २००४ साली सुरू झालेली विनावर्गणी सेवा, म्हणजे आजची डीडी फ्री डिश, यांनी पाय रोवले. जेथे घरे दाट तेथे तार आणि जेथे घरे विरळ तेथे तबकडी, असा हा साधा हिशेब आहे.

व्यवसाय वाढला, पण प्रारंभी त्याला कायद्याची चौकट नव्हती. १९९४ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्यापाठोपाठ केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (विनियमन) अधिनियम, १९९५ आला. केबलचालकाने नोंदणी केली पाहिजे, कार्यक्रम आणि जाहिराती विहित संहितेस धरून असल्या पाहिजेत आणि दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखविल्याच पाहिजेत, ही या कायद्याची तीन मुख्य कलमे म्हणता येतील.

धरण, कालवा आणि चारी

आता या व्यवसायाची रचना पाहू. पंचायत सदस्यांना परिचित असलेली उपमा द्यावयाची, तर ही रचना पाटबंधाऱ्यासारखी आहे. धरणात पाणी साठते, मुख्य कालवा ते दूरवर नेतो आणि चारी ते शेताच्या बांधापर्यंत पोचविते.

धरणाच्या जागी प्रक्षेपण कंपन्या आहेत. त्या कार्यक्रम तयार करवून घेतात आणि वाहिनी उपग्रहावर चढवितात. केंद्र शासनाने परवानगी दिलेल्या खाजगी उपग्रह वाहिन्यांची संख्या २०२४ साली नऊशेच्या आसपास होती. त्यांपैकी सशुल्क वाहिन्या सुमारे साडेतीनशे होत्या. बाकीच्या वाहिन्या प्रेक्षकांकडून दर आकारीत नाहीत, त्या जाहिरातींवर चालतात.

मुख्य कालव्याच्या जागी मल्टी-सिस्टीम ऑपरेटर, व्यवसायातील बोलीत एमएसओ, आहेत. हे अनेक वाहिन्यांचे संदेश एका नियंत्रण केंद्रात उतरवून घेतात, त्यांची एक मोळी बांधतात आणि ती पुढे पाठवितात. हॅथवे, डेन, सिटी आणि हिंदुजा समूहाची इनकेबल ही या क्षेत्रातील जुनी नावे होत.

चारीच्या जागी स्थानिक केबलचालक, म्हणजे आपला नेहमीचा केबलवाला आहे. घरापर्यंतची शेवटची तार त्याची, बिघाड झाल्यास गच्चीवर चढणारा तो आणि महिन्याच्या महिन्यास पैसे मागावयास येणाराही तोच. देशात नोंदणी झालेले असे केबलचालक ऐंशी हजारांच्या घरात सांगितले जातात. चौथा घटक म्हणजे आपण, ग्राहक.

ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. पाटबंधाऱ्यात धरण आणि कालवा एकाच शासनाच्या ताब्यात असतात. येथे पायऱ्या वेगवेगळ्या मालकांच्या आहेत, पण काही घराण्यांचे हात एकाहून अधिक पायऱ्यांवर आहेत. झी आणि सिटी ही एकाच उद्योगसमूहाने उभारलेली नावे होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या एमएसओ कंपन्यांत नियंत्रक हिस्सा घेण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टारच्या भारतातील वाहिन्या आणि रिलायन्सच्या वाहिन्या एका कंपनीत आल्या. ज्याचे धरण त्याचाच कालवा झाला, तर इतरांच्या पाण्याला वाट समान मिळेल की नाही, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. म्हणूनच या क्षेत्रास नियामक लागतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, हे काम जानेवारी २००४ पासून आहे.

महसुलाचे तीन ओघ

या व्यवसायात पैसा तीन वाटांनी येतो.

पहिली वाट वर्गणीची. ग्राहक दरमहा देतो तो पैसा चारीकडून कालव्याकडे आणि कालव्याकडून धरणाकडे, असा उलटा चढत जातो.

दुसरी वाट जाहिरातींची. हा पैसा मुख्यतः प्रक्षेपण कंपनीस मिळतो. जाहिरातीचा दर वाहिनी किती लोक पाहतात यावर ठरतो आणि ते मोजण्याचे काम २०१५ पासून बार्क ही संस्था पन्नास हजारांहून अधिक निवडक घरांत मापक यंत्रे बसवून करते. तासाला बारा मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती असू नयेत असा केबल नियमांतील दंडक आहे. त्यांपैकी दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. स्थानिक पातळीवरही केबलच्या स्वतःच्या वाहिनीवर गावातील दुकाने, शिकवणी वर्ग आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या जाहिराती येतात. ही त्याच ओघाची लहानशी शाखा होय.

तिसरी वाट सामान्य प्रेक्षकास दिसत नाही. ती वहनशुल्काची. आपली वाहिनी अमुक जाळ्यातून दाखविली जावी म्हणून प्रक्षेपण कंपनी एमएसओला पैसे देते. जुन्या पद्धतीच्या तारेत जेमतेम शंभर वाहिन्या मावत आणि त्यांपैकी आरंभीच्या क्रमांकांवरच चित्र स्वच्छ दिसे. जागा थोडी आणि मागणारे फार, त्यामुळे वहनशुल्काचे दर चढले. ट्रायच्या २०१७ च्या नियमांनी त्याला मर्यादा घातली. साध्या वाहिनीस दर ग्राहकामागे दरमहा जास्तीत जास्त २० पैसे आणि वाहिनीचे ग्राहक वाढतील तसे हे शुल्क कमी कमी होत जाईल. जाळ्यातील वीस टक्के ग्राहकांनी वाहिनी घेतली, तर शुल्क शून्य. वीस पैसे ही रक्कम किरकोळ वाटेल, पण पाच लाख जोडण्या असलेल्या जाळ्यात एका वाहिनीपासून ती महिन्यास एक लाख रुपये होते.

तिन्ही वाटांच्या मुळाशी एकच आकडा आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. तो म्हणजे जोडण्यांचा खरा आकडा.

मोजली न गेलेली जोडणी

सुमारे वीस वर्षे हा आकडा केबलचालकाखेरीज कोणासही ठाऊक नव्हता. तार इमारतीत शिरली की पुढे ती किती घरांत फुटते हे बाहेरून कळावयास मार्ग नव्हता. प्रत्यक्षात असलेल्या जोडण्यांच्या मानाने वर कळविल्या जाणाऱ्या जोडण्या फारच थोड्या असतात, अशी प्रक्षेपण कंपन्यांची कायमची तक्रार होती. एमएसओही तीच तक्रार करीत. केबलचालकांची बाजू अशी होती की, वाहिन्यांचे दर कंपन्या मनास येईल तसे वाढवितात. सर्व जोडण्या दाखविल्या तर धंदा बुडेल. म्हणून दर आणि जोडण्या यांवर दरवर्षी घासाघीस होई, कधी वाहिन्या बंद पडत आणि ग्राहकाच्या पदरी कोरा पडदा येई.

यात शासनाचाही संबंध होता. वस्तू व सेवा कर येण्यापूर्वी केबल जोडणीवर राज्याचा करमणूक कर होता. महानगरपालिका क्षेत्रात दर जोडणीस दरमहा ४५ रुपये, अ आणि ब वर्ग नगरपालिकांत ३० रुपये आणि इतरत्र १५ रुपये असा तो आकारला जाई. हिशेबासाठी असे समजा की, एखाद्या शहरी केबलचालकाच्या पाचशे जोडण्या आहेत आणि त्याने दीडशेच दाखविल्या. उरलेल्या साडेतीनशे जोडण्यांवरील बुडालेला कर महिन्यास १५,७५० रुपये आणि वर्षास १,८९,००० रुपये होतो. हा फक्त एका चालकाचा हिशेब झाला. जिल्हाधिकारी कार्यालयातील करमणूक कर शाखेच्या कर्मचाऱ्यांनी इमारतीइमारतींतून तारा मोजत हिंडावे, एवढाच उपाय होता. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी ती अवस्था होती. १ जुलै २०१७ पासून राज्याचा हा कर वस्तू व सेवा करात विलीन झाला आणि केबल सेवेवर १८ टक्के दर लागू झाला.

पेटीने काय बदलले?

मोजणीचा प्रश्न सुटावा म्हणून पहिला प्रयत्न २००२ च्या कायदा दुरुस्तीने झाला. सशुल्क वाहिन्या पाहण्यासाठी घरात एक पेटी, म्हणजे सेट टॉप बॉक्स बसवावी, अशी ती योजना होती. चेन्नईत ती २००३ मध्ये आणि मुंबई, दिल्ली व कोलकाता या शहरांच्या निवडक भागांत २००६ च्या अखेरीस सुरू झाली. सशुल्क वाहिनीस पाच रुपये आणि मोफत वाहिन्यांच्या मूळ संचास ७७ रुपये असे दर ट्रायने त्या वेळी ठरविले होते. परंतु ही योजना त्या मर्यादित भागांपलीकडे फारशी गेली नाही.

२०११ च्या दुरुस्तीने मात्र देशभर टप्प्याटप्प्याने अंकीय प्रक्षेपण, म्हणजे डिजिटल पद्धत, सक्तीची झाली. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने हे टप्पे फार बोलके आहेत. बृहन्मुंबईसाठी मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. मुलुंडची हद्द ओलांडून ठाण्यात आले की ती ३१ मार्च २०१३ होई. दुसऱ्या टप्प्यातील अडतीस शहरांत महाराष्ट्रातील नऊ शहरे होती आणि त्यांत ठाणे, कल्याण-डोंबिवली व नवी मुंबई ही तीन आपल्या जिल्ह्यातील. कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरे तिसऱ्या टप्प्यात आली. त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ठरली. मुरबाड-शहापूरकडील ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात, त्याची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. एकाच लोकलगाडीच्या मार्गावर शासनाच्या एका निर्णयाच्या चार तारखा होत्या. प्रशासकीय हद्द आणि प्रत्यक्ष लोकवस्ती यांतील अंतर त्यातून दिसून येते.

पेटीमुळे दोन गोष्टी घडल्या. तारेची क्षमता कित्येक पटींनी वाढली, आणि प्रत्येक पेटीस स्वतंत्र क्रमांक असल्याने प्रत्येक जोडणी एमएसओच्या संगणकात नोंदली जाऊ लागली. कोणत्या घरात कोणती वाहिनी चालू आहे हे पहिल्यांदाच मोजता येऊ लागले.

अडीचशे रुपयांची वाटणी

मोजणी शक्य झाल्यावर दरांची नवी पद्धती आली. ट्रायने ती मार्च २०१७ मध्ये अधिसूचित केली आणि न्यायालयीन वादानंतर ती २९ डिसेंबर २०१८ पासून अमलात आली. या पद्धतीत बिलाचे दोन भाग पडतात. एक, जाळ्याचे भाडे, ज्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. दोन, निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. भाड्यावर प्रारंभी शंभर वाहिन्यांसाठी कर वगळून १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. २०२० च्या दुरुस्तीने तेवढ्याच रकमेत दोनशे वाहिन्या देणे भाग पडले.

आता एक काल्पनिक बिल घेऊ. जाळ्याचे भाडे १३० रुपये आणि सशुल्क वाहिन्या १०० रुपयांच्या. बेरीज २३० रुपये. त्यावर १८ टक्के कर ४१ रुपये ४० पैसे. ग्राहकाने द्यावयाचे २७१ रुपये ४० पैसे.

वाटणी अशी होते. वाहिन्यांच्या किमतीपैकी किमान २० टक्के वितरण शुल्क म्हणून खाली सोडावेच लागते. म्हणजे प्रक्षेपण कंपन्यांस ८० रुपये आणि वितरणाचे २० रुपये. एमएसओ आणि केबलचालक यांच्यात आपसांत वेगळा करार झाला नसेल, तर ट्रायच्या आदर्श करारानुसार भाडे आणि वितरण शुल्क ५५ आणि ४५ या प्रमाणात विभागले जाते. त्याप्रमाणे भाड्याचे ७१ रुपये ५० पैसे व वितरणाचे ११ रुपये मिळून एमएसओला ८२ रुपये ५० पैसे, तर केबलचालकास ५८ रुपये ५० पैसे अधिक ९ रुपये, असे ६७ रुपये ५० पैसे मिळतात. प्रक्षेपण कंपनी याशिवाय १५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकते. मात्र वितरण शुल्क आणि सवलत मिळून ३५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. प्रत्यक्ष रकमा करारागणिक बदलतील, पण वाटणीचे सूत्र हे असे आहे.

प्रत्येक वाहिनी सुटी मिळाली पाहिजे आणि तिची कमाल किंमत जाहीर असली पाहिजे, हे या पद्धतीचे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व होय. व्यवहारात मात्र बहुसंख्य घरांत पॅक, म्हणजे वाहिन्यांचे बांधीव संच चालतात. संचात घालावयाच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर असू नये असा नियम आल्यावर अनेक लोकप्रिय वाहिन्यांनी १९ रुपये हाच दर लावला. ही मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने १२ रुपयांवर आणण्यात आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा १९ रुपयांवर नेण्यात आली. जुलै २०२४ मध्ये जाळ्याच्या भाड्यावरील कमाल मर्यादाच उठविण्यात आली. आता वितरक भागाभागांत वेगळे भाडे ठेवू शकतो. परंतु ते जाहीर करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून दर विचारून घेण्याची जबाबदारी आज ग्राहकावर पूर्वीपेक्षा अधिक आली आहे.

केबलचालकाची अडचण

या बदलात ज्याचे स्थान सर्वाधिक हलले तो स्थानिक केबलचालक होय, आणि त्याच्याविषयी दोन शब्द सहानुभूतीने बोलणे अवश्य आहे. पूर्वी ग्राहक त्याचा होता. दर तो ठरवी, उधारी तो सांभाळी आणि नोंदवही त्याच्या खिशात असे. आज ग्राहकाचे नाव, पेटीचा क्रमांक आणि वाहिन्यांची यादी एमएसओच्या संगणकात असते. बहुतेक ठिकाणी एमएसओकडे आगाऊ रक्कम भरल्यावाचून जोडणी चालू राहत नाही. म्हणजे ग्राहकाने पैसे देण्यास उशीर केला, तर तो भार केबलचालकावर पडतो. एका जाळ्याची पेटी दुसऱ्या जाळ्यात चालत नाही. पेट्या परस्परांत चालाव्यात अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली आहे, पण ती अद्याप व्यवहारात आलेली नाही. त्यामुळे केबलचालकास एमएसओ बदलावयाचा असेल, तर शेकडो घरांतील पेट्या बदलाव्या लागतात. कागदोपत्री तो स्वतंत्र व्यावसायिक आहे, व्यवहारात त्याचे स्वातंत्र्य आक्रसले आहे.

याच सुमारास ग्राहकही घटू लागला. भ्रमणध्वनीवरील स्वस्त इंटरनेट २०१६ नंतर घरोघर पोचले आणि कार्यक्रम तारेवाचून दिसू लागले. वर्गणी भरणारी घरे २०१८ मध्ये देशात सुमारे पंधरा कोटी होती, ती २०२४ मध्ये सुमारे अकरा कोटींवर आल्याचे व्यवसायाच्या एका पाहणीत आढळले. ही घट केवळ तारेची नाही. डीटीएचचे सक्रिय ग्राहकही मार्च २०२४ अखेर सुमारे ६ कोटी २० लाख होते, ते मार्च २०२५ अखेर सुमारे ५ कोटी ७० लाखांवर आले. अनेक केबलचालक आता त्याच खांबावरून इंटरनेटची तार देतात आणि त्यावर तग धरून आहेत. या व्यवसायाने ज्या तरुणांना आपल्या शहरात स्वयंरोजगार दिला, त्यांच्या संसाराचा हा प्रश्न आहे. पूर्वीची न मोजलेली जोडणी चुकीची होती यात शंका नाही. परंतु मोजणीचे सारे साधन एकाच बाजूच्या हाती जाणे हेही निकोप व्यवहाराचे लक्षण नव्हे. म्हणून केबलचालकाने लेखी करार करावा आणि मासिक हिशेब लेखी मागावा. वाद झाल्यास दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाचा मार्ग त्यास खुला आहे.

आपले कर्तव्य

आता आपणा सर्वांच्या कामाचा भाग सांगतो.

अधिकाऱ्यांसाठी पहिली गोष्ट नोंदणीची. पूर्वी केबलचालकाची नोंदणी स्थानिक मुख्य टपाल कार्यालयात पाचशे रुपये शुल्कावर एका वर्षासाठी होत असे. जानेवारी २०२५ च्या नियम दुरुस्तीपासून ती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते, पाच वर्षे टिकते आणि तिचे शुल्क पाच हजार रुपये आहे. कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे प्राधिकृत अधिकारी आहेत. तक्रार आल्यास आधी नोंदणी तपासावी. निवडणुकीच्या काळात केबलवर दाखवावयाच्या राजकीय जाहिरातीस पूर्वप्रमाणन लागते. यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. स्थानिक केबल वाहिनीही या नियमाबाहेर नाही, हे उमेदवारांस वेळीच सांगावे.

पंचायत सदस्यांसाठी मुद्दा वाटेचा आहे. २०११ च्या दुरुस्तीने सार्वजनिक जागेतून तार नेण्यासाठी सार्वजनिक प्राधिकरणाने परवानगी देण्याची तरतूद केली आहे. परवानगी मागणाऱ्यास विनाकारण तिष्ठत ठेवू नये, पण परवानगी लेखी असावी, तारेचा मार्ग नोंदलेला असावा आणि विजेच्या खांबांवरून लोंबणाऱ्या तारांविषयी पावसाळ्यापूर्वी पाहणी व्हावी. एकाच चालकास गाव आंदण दिल्यासारखे होऊ नये. दुसरा आला तर दर आपोआप जाग्यावर राहतात.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, शतमान आणि गुणोत्तर शिकविताना केबलचे एक बिल फळ्यावर मांडावे. भाडे किती, वाहिन्यांची किंमत किती, कर किती, हे मुलांनी घरच्या पावतीवरून काढावे. न मागितलेली सशुल्क वाहिनी बिलात आहे काय, हे मुले घरच्या मोठ्यांपेक्षा आधी शोधतील.

कार्यक्रमाविषयी आक्षेप असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तक्रार प्रथम वाहिनीकडे लेखी करावयाची. तिने चोवीस तासांत पोच द्यावयाची आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवावयाचा. समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे आणि शेवटी केंद्र शासनाच्या यंत्रणेकडे जाता येते. बिलाची वा सेवेची वैयक्तिक तक्रार वितरकाच्या तक्रार केंद्रात नोंदवावी आणि न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे न्यावी. या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न विचारला जातो तो पावतीचा.

आणि येथेच मला माझे म्हणणे संपवावयाचे आहे. शासनाचा कर, कंपन्यांचा महसूल, केबलचालकाचा वाटा आणि ग्राहकाचा हक्क या चारही गोष्टी शेवटी एका लहानशा कागदावर किंवा भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशावर एकत्र येतात. पावती न घेता दिलेले पैसे मोजणीच्या बाहेर जातात आणि जे मोजणीच्या बाहेर गेले त्यावर कोणाचाच हक्क सिद्ध होत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यापासून आपण प्रत्येकाने केबलची पावती मागावी, ती वाचावी आणि वर्षभर जपून ठेवावी. यासाठी ना नवा कायदा लागतो, ना नवा निधी.